मानाचा पट्टा आणि टिकल्यांचा झगा : युरोपीय राजवाड्यांच्या वस्त्रागारांना खुले पत्र

प्रति,
लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेग, ब्रसेल्स आणि माद्रिद येथील राजघराण्यांच्या वस्त्रागारांचे प्रमुख, पोशाख-सल्लागार व त्यांच्यासाठी काम करणारे डिझायनर यांस,

विषय : राण्या व राजकन्यांच्या सायंकालीन पोशाखांविषयी काही आक्षेप.

महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरात एकतीस वर्षे मुलींना बेतणे, शिवणे आणि भरतकाम शिकवले. निवृत्तीनंतर तुमच्याकडच्या शाही मेजवान्यांची छायाचित्रे मोठी करून पाहण्याचा छंद मला जडला आहे. घरच्यांना हे खूळ वाटते. मला मात्र ती छायाचित्रे विद्यार्थिनींनी तपासायला आणून ठेवलेल्या पोलक्यांसारखी दिसतात : मुंढा नीट बसला आहे की नाही, अस्तर कुठे ओढले गेले आहे, वजनाने टीप कुठे खेचली आहे, याकडे आधी लक्ष जाते आणि ते कपडे कोणी घातले आहेत हे नंतर कळते.

हे पत्र मी त्या स्त्रियांना लिहीत नाही, हे आरंभीच स्पष्ट करते. बायकांच्या कपड्यांवर बोलणाऱ्यांची जगात कधीच टंचाई नव्हती, आणि शेजारी उभा असलेला नवरा पिढ्यान्‌पिढ्या न बदललेल्या काळ्या कोटात किंवा लष्करी गणवेशात आला की त्याच्याबद्दल कोणी अवाक्षरही काढत नाही, हा अन्याय मला पुरता मान्य आहे. तथापि शाही मेजवानीचा झगा हा हौसेपेक्षा कामाचा कपडा असतो. तो कित्येक आठवडे आधी ठरतो, त्याचा रंग पाहुण्या देशाचा विचार करून निवडला जातो, त्यावर कोणता सन्मान आणि कोणते दागिने येणार हे माहीत असते, आणि या सगळ्यासाठी माणसे नेमलेली असतात. ती माणसे तुम्ही आहात, म्हणून तक्रार तुमच्याकडे.

आणखी एक खुलासा शब्दापुरता. मी मुद्दामच ‘गाऊन’ न म्हणता ‘झगा’ म्हणते आहे, कारण आमच्याकडे गाऊन म्हणजे सकाळी दूधवाल्याला दार उघडताना अंगावर असतो तो सुती, फुलाफुलांचा, ढगळ प्रकार. राणीसाहेबांच्या बाबतीत तो शब्द वापरला तर माझ्या वाचक-भगिनींच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहील.

आता मुद्द्याचे बोलते. माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप मानाच्या पट्ट्याबद्दल आहे. तुमच्या मेजवान्यांत राजघराण्यातील स्त्रिया खांद्यावरून कंबरेपर्यंत तिरपा जाणारा रुंद रेशमी पट्टा घालतात. ब्रिटनच्या गार्टर सन्मानाचा गडद निळा आणि डेन्मार्कच्या एलिफंट सन्मानाचा फिकट निळा, हे दोन्ही पट्टे डाव्या खांद्यावरून उजव्या कंबरेकडे उतरतात. ब्रिटनच्याच व्हिक्टोरियन ऑर्डर या सन्मानाचा पट्टा उलट बाजूने जातो. राजकीय भेटीच्या पहिल्या रात्री पाहुणी राणी बहुधा यजमान देशाने दिलेल्या सन्मानाचा पट्टा घालते, म्हणजे तो कोणत्या रंगाचा आणि कोणत्या खांद्यावरून असणार हे वस्त्रागाराला आधीपासून ठाऊक असते. ब्रिटनमध्ये त्याखेरीज राजाचे किंवा राणीचे छोटे चित्र असलेले घराण्याचे पदक रिबिनीच्या फुलासह डाव्या खांद्याजवळ टाचावे लागते. इतकी सामग्री जिथे येणार आहे तिथला कपडा जाळीचा घेतला तर तो पदकाच्या वजनाने खाली लोंबतो, खडबडीत मण्यांचा घेतला तर पट्ट्याच्या रेशमाचे धागे निघतात, आणि भरगच्च नक्षीचा घेतला तर पट्टा, नक्षी, पदक आणि हार ही चारही माणसे एकाच वेळी बोलू लागल्यासारखी वाटतात.

साडी नेसणाऱ्या कोणत्याही बाईला ही रेषा तुमच्यापेक्षा जास्त परिचयाची आहे, कारण उजव्या कंबरेपासून छातीवरून डाव्या खांद्यावर जाणारी ही तिरपी रेषा म्हणजे आमचा पदर. पदर भरजरी असेल तर पोलके साधे घ्यावे, पोलक्यावर काम असेल तर पदर हलका असावा, हे आम्हाला कोणी शाळेत शिकवत नाही. दोन्ही भरगच्च घेतले तर लग्नघरातल्या मावश्या एकमेकींकडे पाहून गालात हसतात आणि तेवढ्यावर शिक्षण पूर्ण होते. तुमच्याकडे पट्टा हा जणू ऐन वेळी गळ्यात पडलेला परका ऐवज असल्यासारखे झगे बेतले जातात. झगा स्वतंत्रपणे सुंदर दिसेल असा शिवायचा, त्याची आरशासमोर चाचणी घ्यायची, आणि मेजवानीच्या संध्याकाळी त्यावर पट्टा चढवायचा, ही पद्धत म्हणजे साडीचा विचार न करता पोलके शिवण्यासारखी आहे.

हे जमू शकते याचा दाखला तुमच्यातच आहे. १४ जानेवारी २०२४ रोजी दुसऱ्या मार्गारेट राणीने पदत्याग केला आणि मेरी डेन्मार्कची राणी झाली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या औपचारिक छायाचित्रात काळा, जवळजवळ निराभरण झगा, त्यावर एलिफंट सन्मानाचा फिकट निळा पट्टा आणि राजकोशातील पाचूंचा संच आहे. डेन्मार्कच्या राजकोशातील हे दागिने फक्त राणीनेच वापरायचे आणि ते देशाबाहेर न्यायचे नाहीत, असा दंडक आहे; साहजिकच त्या छायाचित्रात सर्वांत महत्त्वाचा ऐवज तो होता. झगा मागे सरला म्हणून पाचू, पट्टा आणि चेहरा तिन्ही वेगवेगळे वाचता येतात. ज्याने हा झगा बेतला त्याला पदराचे गणित कळले होते, असे मी म्हणेन, आणि माझ्या तोंडून यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

दुसरा आक्षेप टिकल्यांचा आणि त्यांच्यासोबत आलेल्या केपचा, म्हणजे खांद्यांवरून मागे सोडलेल्या बिनबाह्यांच्या आवरणाचा. २८ सप्टेंबर २०२१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाला ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांच्या पत्नी केट या जेनी पॅकहॅम या डिझायनरने केलेला सोनेरी टिकल्यांचा पायघोळ झगा घालून आल्या, आणि त्याच्या खांद्यांवरून मागे जमिनीपर्यंत केप सोडलेली होती. त्या संध्याकाळी तो शोभला, हे मी नाकारत नाही. चित्रपटाचा लाल गालिचा होता, पट्टा नव्हता, पदक नव्हते, टियारा म्हणजे डोक्यावरचा रत्नजडित अर्धमुकुट नव्हता. त्यापूर्वी ऑक्टोबर २०१८ मध्ये फिजीच्या मेजवानीत राजपुत्र हॅरी यांच्या पत्नी मेगन यांनी साफिया या लंडनच्या संस्थेचा निळा केपवाला झगा घातला होता, आणि मार्च २०२० मध्ये त्याच संस्थेचा लाल. तिथपर्यंतही ठीक होते. पण पुढे तुम्ही सर्वांनी मिळून त्या आकाराचा साचा करून टाकला. आता कोणत्याही देशाची मेजवानी पाहावी, कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावरून केप सुटलेली असतेच, आणि छायाचित्राखालची नावे झाकली तर ब्रसेल्स कोणते आणि स्टॉकहोम कोणते हे झग्यावरून सांगता येऊ नये अशी अवस्था आहे. केप आणि पट्टा एकाच खांद्यावर आले की पट्टा केपच्या वरून घ्यावा की खालून, हा प्रश्न तर कोणीच सोडवलेला दिसत नाही. वरून घेतला तर केपच्या चुण्या चेंगरतात, खालून घेतला तर सन्मान झाकला जातो.

हेग येथील मंडळींना इथे थोडा वेगळा न्याय द्यायला हवा. ३० एप्रिल २०१३ रोजी विलेम-अलेक्झांडर राजा झाले तेव्हा राणी मॅक्सिमा यांनी यान तामिनियाऊ या डच डिझायनरचा गडद निळा झगा आणि त्यावर तशीच पायघोळ केप घातली होती. राजाच्या खांद्यांवर त्या दिवशी अर्मिन या पांढऱ्या लोकरीच्या कातड्याचा राजझगा होता, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या अंगावर त्याच्या तोलाची लांबी असणे आवश्यक होते. त्या केपला कारण होते. कारणाशिवाय वापरलेली वस्तू आणि कारणाने वापरलेली वस्तू वर्गातल्या पहिलीच्या मुलीलाही वेगळी ओळखता येते, मग तुम्हाला का येऊ नये? मॅक्सिमा यांचे रंगही मला आवडतात. त्या केशरी, जांभळा, लाल घालतात ते ठासून घालतात. चुकल्या तरी पूर्ण चुकतात, अर्धवट चुकत नाहीत.

टिकल्यांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचे आहे, कारण हे माझे क्षेत्र आहे. टिकल्यांचा झगा जाळीवर भरावा लागतो, आणि जाळी स्वतः वजन पेलत नाही. म्हणून आतून अस्तर आणि त्याच्याही आत कमरेला आधार द्यावा लागतो, नाहीतर अर्ध्या तासात घेर खाली खेचला जाऊन गुडघ्यापाशी फुगीर होतो. नळीमण्यांच्या कडा धारदार असतात आणि शिवलेला दोरा त्या आतून कापत राहतात, त्यामुळे मेजवानीच्या खुर्चीवर दोन-तीन तास बसून उठले की मागच्या बाजूचे काम उसवू लागते. माझ्या अंदाजाने तुमच्या शिवणगृहातील बायकांना प्रत्येक वेळी नंतर ते दुरुस्त करावे लागत असणार. हे सगळे कष्ट ज्या एका क्षणासाठी घेतले जातात तो क्षण म्हणजे कॅमेऱ्याचा झोत पडण्याचा. झोत पडताच टिकली परावर्तन करते आणि खालचा बेत नाहीसा होतो. उरेब, म्हणजे तिरपे, कापलेले रेशीम शरीराबरोबर कसे वळते, चुणी कुठून सुटते, मखमल सावलीत किती खोल दिसते, यांपैकी काहीही टिकली दाखवू देत नाही. म्हणजे बेतणाऱ्याचे कौशल्य लपवायचे असेल तर टिकलीसारखा उपाय नाही, आणि तुमच्यासाठी बेतणारे लोक तर युरोपातले उत्तमांपैकी आहेत.

माद्रिदच्या बाबतीत मला हे अधिकच खटकते. क्रिस्तोबाल बालेन्सियागा १८९५ मध्ये स्पेनच्या गेतारिया या किनाऱ्यावरच्या गावी जन्मले. आई शिवणकाम करायची. पुढे त्यांनी अशी वस्त्रे बेतली की ज्यांना नक्षीची गरजच पडू नये. १५ डिसेंबर १९६० रोजी बेल्जियमच्या राजाशी विवाह करणाऱ्या स्पॅनिश फाबिओला यांचा विवाहवेशही त्यांचाच. स्वित्झर्लंडच्या अब्राहम या संस्थेच्या मदतीने त्यांनी गझार नावाचे ताठ रेशीम तयार करवून घेतले, ते उगीच नव्हे. कापड स्वतः उभे राहिले की शिवणी कमी लागतात. गेतारियात २०११ पासून त्यांचे संग्रहालय आहे. असा वारसा अंगणात असताना राणी लेतिसिया यांना वर्षानुवर्षे फेलिपे वारेला यांच्या भरतकाम केलेल्या पातळ जाळीच्या आणि लेसच्या झग्यांमध्ये पाहणे म्हणजे घरात हापूसची पेटी असताना डबाबंद रस वाढण्यासारखे आहे. लेतिसिया यांची अंगकाठी सरळ आणि मान उंच, त्यांना कमीत कमी शिवणीचा एकरंगी झगा किती शोभेल याचा विचार करून माझे हात शिवशिवतात.

ब्रसेल्स आणि हेग यांनी एक गोष्ट आपापसांत बोलून घ्यावी, अशी विनंती आहे. बेल्जियमच्या राणी माथिल्ड आणि नेदरलँड्सच्या राणी मॅक्सिमा या दोघीही एडुआर्ड व्हर्मुलेन यांच्या नातान या संस्थेचे कपडे घेतात. व्हर्मुलेन यांच्या कसबाबद्दल शंका नाही, पण दोन शेजारी राण्या एकाच वर्तुळातल्या कपड्यांत वारंवार दिसू लागल्या की दिवाळीची खरेदी एकाच दुकानात केलेल्या दोन जावांची आठवण येते. शिवाय बेल्जियम हा लेसचा देश, अँटवर्पने ड्रीस व्हॅन नोटेन यांच्यासारखा कापडाशी मनापासून बोलणारा माणूस जगाला दिला. तिथल्या राणीचा सायंकालीन पोशाख इतका सावध, इतका बिनचूक आणि म्हणून इतका विसरण्याजोगा असावा, याचे मला वाईट वाटते.

स्टॉकहोमविषयी माझे मत अधिक अनुकूल आहे, आणि त्याचे एक कारण ऐतिहासिक आहे. परदेशी फॅशनवर होणारा खर्च आवरावा म्हणून राजा तिसऱ्या गुस्ताव्हने १७७८ मध्ये राष्ट्रीय पोशाख ठरवून दिला होता. त्याच्याच फुगीर, पट्ट्यापट्ट्यांच्या बाह्या पुढे दरबारी पोशाखात टिकून राहिल्या. कपड्याने काय सांगायचे याचा विचार त्या दरबारात जुना आहे. दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल मेजवानीच्या वेळी तो तपासला जातो, कारण ती संध्याकाळ संपूर्ण देश दूरचित्रवाणीवर पाहतो आणि झग्यांची चर्चा थेट प्रक्षेपणात होते. पोशाखाचा नियम मात्र सैल आहे : पुरुषांना काळा कोट व पांढरा टाय, स्त्रियांना पायघोळ झगा, आणि ज्यांना हवे त्यांना आपल्या देशाचा राष्ट्रीय पोशाख.

या शेवटच्या सवलतीमुळे २०१९ ची संध्याकाळ आम्हा मराठी लोकांच्या लक्षात राहिली. अर्थशास्त्राचे पारितोषिक घेणारे अभिजित बॅनर्जी, ज्यांच्या आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या मराठी, ते धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालून मंचावर आले, आणि त्यांच्यासोबत पारितोषिक मिळवणाऱ्या त्यांच्या पत्नी एस्थर डुफ्लो निळसर-हिरव्या साडीत. डुफ्लो मूळच्या फ्रेंच. म्हणजे जन्मापासूनची सवय नाही. तरीही त्या साडीत शिवणीचा, केपचा, टिकल्यांचा प्रश्नच आला नाही, कारण आकार देण्याचे काम कापडाच्या पडण्यानेच केले. त्याच मेजवानीला युवराज्ञी व्हिक्टोरिया यांनी सेलाम फेसाहाये या स्वीडिश डिझायनरचा काळा झगा घातला होता. परदेशी मोठ्या नावाकडे न जाता आपल्याच शहरातल्या नव्या पिढीकडे जाण्याचा तो निर्णय मला भावला. आणि त्याच मेजवान्यांमध्ये राजघराण्याबाहेरच्या एका स्त्रीने तुम्हा सर्वांना धडा घालून दिला होता, हेही नमूद करते : स्वीडिश अकादमीच्या कायम सचिव सारा डानियस. त्यांचे झगे पेर एंग्सहेडेन शिवत, ज्यांनी २०१० मध्ये व्हिक्टोरिया यांचा विवाहवेश शिवला होता. डानियस यांच्या अंगावर टियारा नव्हता, पट्टा नव्हता, तरी त्यांच्या झग्याचा आकार छायाचित्रात दुरून ओळखू येई. २०१८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्याइतकी ठाम आकाराची निवड मला त्यानंतर त्या दालनात दिसलेली नाही.

आता जुने कपडे पुन्हा वापरण्याबद्दल. याचे कौतुक तुमच्याकडे एवढे होते की आम्हाला गंमत वाटते. आमच्याकडे पैठणी आजीची आईकडे आणि आईची मुलीकडे येते, आणि जेव्हा ती फारच विरते तेव्हा तिच्या काठापदराची पोलकी होतात. त्याची बातमी कोणी छापत नाही. पुन्हा वापरण्याला माझा आक्षेप नाहीच, त्याच्या पद्धतीला आहे. २०१८ च्या नोबेल समारंभात व्हिक्टोरिया यांनी आई सिल्विया राणीचा १९९५ मधला झगा घातला आणि तो सन्मानाने, फारशी छेडछाड न करता घातला. जुलै २०२० मध्ये ब्रिटनच्या राजकन्या बिआट्रिस यांनी लग्नात आजी दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा, नॉर्मन हार्टनेल यांनी शिवलेला, १९६० च्या दशकातला सायंकालीन झगा घातला. मूळ झग्याला बाह्या जवळजवळ नव्हत्या, म्हणून पातळ ऑर्गंझाच्या छोट्या फुगीर बाह्या जोडल्या गेल्या आणि पाहणाऱ्याला त्या नंतर जोडल्या आहेत हे कळू नये इतक्या बेमालूमपणे. दुरुस्ती म्हणजे ही.

याउलट फेब्रुवारी २०१९ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-पुरस्कारांच्या समारंभात केट यांनी घातलेला अलेक्झांडर मॅक्वीनचा पांढरा, एका खांद्याचा झगा २०२३ मध्ये त्याच समारंभात परत आला, तेव्हा त्याच्या खांद्याचे काम बदललेले होते आणि सोबत कोपरांच्या वर जाणारे काळे हातमोजे होते. मूळ झगा सुरेख होता. पांढऱ्याची ती सलग रेषा मानेपासून पायापर्यंत उतरत होती. काळ्या मोज्यांनी ती मध्येच दोन ठिकाणी तोडली. जुनाच झगा आहे हे लपवण्यासाठी केलेला तो बदल होता, आणि लपवायचे तरी काय होते? त्याच सायंकाळी कानांतली फुले झाराच्या दुकानातली, वीस पौंडांच्या आतली होती, त्याबद्दल मात्र माझी शाबासकी. डिसेंबर २०२२ मध्ये बोस्टनला त्यांनी भाड्याने आणलेला हिरवा झगा घातला, कल्पना चांगली होती. फक्त तो हिरवा इतका सपाट आणि भडक निवडला गेला की लोकांनी चित्रपटातल्या हिरव्या पडद्यासारखा त्यावर वाटेल ती चित्रे डकवून दिवसभर करमणूक करून घेतली. रंग निवडताना कॅमेऱ्यात तो कसा दिसतो हे कोणीतरी पाहायला हवे होते.

एका संध्याकाळीबद्दल मी थोडक्यात बोलते. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच बाफ्टा समारंभात स्त्रियांनी छळाविरुद्ध एकजूट म्हणून काळे कपडे घातले, आणि केट गडद हिरव्या झग्यात, कमरेला काळी फीत बांधून आल्या. राजघराण्याने राजकीय भूमिका घेऊ नये हा दंडक मला समजतो. पण मग हिरवाच घालायचा होता, किंवा काळाच. फीत बांधून दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे उत्तर देण्याचा हा जो प्रकार झाला, त्यातून कोणाचेच समाधान झाले नाही. १९८१ मध्ये एकोणीस वर्षांच्या डायना यांनी लग्नापूर्वीच्या पहिल्या अधिकृत संध्याकाळी काळा, उघड्या खांद्यांचा झगा घातला तेव्हा काळा रंग फक्त सुतकासाठी असतो म्हणून काहूर माजले होते. त्या चुकीत निदान धीटपणा होता.

शेवटचा मुद्दा हातांचा. १९०२ मध्ये राणी अलेक्झांड्रा यांच्या राज्यारोहणाच्या झग्याचे सोनेरी भरतकाम भारतात झाले. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी ते करवून घेतले आणि पॅरिसमध्ये तो झगा शिवून पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी दिल्ली दरबाराच्या नृत्यसमारंभात स्वतः लेडी कर्झन यांनी मोरपिसांच्या नक्षीचा झगा घातला; त्याचे जरदोजी काम इथल्या कारागिरांचे आणि शिलाई पॅरिसच्या वर्थ या शिवणसंस्थेची. तो आज इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलमध्ये जपून ठेवला आहे. वर्थचे नाव सर्वांना माहीत आहे. दिवसभर कारचोबेवर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीपाशी, पाय दुमडून बसणाऱ्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या झग्यावर हार्टनेल यांनी भारतासाठी कमळ भरवले. कमळ आले, पण ज्यांच्या देशात असे काम पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांचा उल्लेख प्रतीकापुरताच राहिला.

दागिन्यांच्या बाबतीतही आम्हा मराठवाड्याच्या लोकांची एक जखम ओली आहे. १९४७ मध्ये हैदराबादच्या निजामाने राजकन्या एलिझाबेथ यांना लग्नाची भेट म्हणून कार्तिये या जवाहिऱ्यांकडून हार आणि टियारा निवडून घ्यायला सांगितले. त्या वेळी माझे गाव निजामाच्या राज्यात होते, आमच्या आजोबांचा शेतसारा त्याच खजिन्यात जमा होत होता, आणि आम्ही मुक्त झालो ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. पुढे १९७३ मध्ये तो टियारा मोडून त्याच्या हिऱ्यांत ब्रह्मदेशाने दिलेली माणके बसवून नवा टियारा झाला. हार मात्र टिकला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये केट यांनी लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत साध्या झग्यावर तो घातला. पोशाख म्हणून ती निवड अचूक होती, हे मला मान्य करावेच लागेल. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा मी ते छायाचित्र पाहते तेव्हा हारापेक्षा जवारीचे शेत आधी आठवते, त्याला माझा इलाज नाही.

तुम्हाला हातांचे नाव घेता येत नाही असे नाही. एप्रिल २०११ मध्ये केट यांच्या विवाहवेशाच्या वेळी राजवाड्याने रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कचे नाव जाहीर केले होते, आणि लेस शिवणाऱ्या दर अर्ध्या तासाला हात धूत आणि दर तीन तासांनी सुई बदलत, इतकाही तपशील दिला होता. मी तो वर्गात कितीतरी वेळा सांगितला आहे. मग मेजवानीच्या झग्यांच्या वेळी डिझायनरचे नाव, टियाराचा इतिहास, कर्णफुलांचे दुकान येथपर्यंत येऊन तुमची माहिती का थांबते? युरोपातल्या मोठ्या संस्थांचे भरतकाम मुंबईतल्या कार्यशाळांमध्ये होते, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. ३० मार्च २०२३ रोजी दिओर या फ्रेंच फॅशनसंस्थेने आपला संग्रह गेटवे ऑफ इंडियासमोर सादर केला तेव्हा मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेचे ऋण उघडपणे मान्य केले. जे एका व्यापारी संस्थेला जमले ते राजवाड्यांना अवघड का जावे?

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईतल्या अशाच एका कारखान्यात तयार कामाची तपासणी करते. भरतकामाचे तुकडे तिथून सपाटच जातात : पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, पुढे त्यांचा झगा कोणाचा होतो हे तिथे कोणालाच सांगितले जात नाही. कोणत्याही शाही मेजवानीनंतर ती मला छायाचित्र पाठवते आणि त्याखाली एकच ओळ असते : ‘बाई, ही पानांची वेल आपल्याकडची वाटते का हो?’ मी छायाचित्र मोठे करते, टाका पाहते, आरीचा आहे की सुईचा एवढे सांगते. उरलेले उत्तर तुमच्या नोंदवहीत आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
छत्रपती संभाजीनगर